माहेर जिनिव्हा : सावित्रीबाई खानोलकर



मुळशी तालुक्यातील एका अभ्यासकेंद्रावर मी काही वर्षे संपर्क सत्रे घेत आले आहे. पौड, पिरंगुट, हिंजवडी या परिसरातून येणारे तेथील विद्यार्थी बहुतेक नोकरी सांभाळून शिकणारे असतात. त्यांपैकी एकाने सत्र संपल्यावर एक छापील अर्ज माझ्यापुढे ठेवला. संरक्षण खात्याशी संबंधित एका आस्थापनेत त्याची निवड झाली होती आणि नेमणुकीपूर्वी चारित्र्य व पूर्ववृत्त पडताळणीसाठी साक्षांकन पत्र भरून द्यायचे होते. आईवडील आणि पती किंवा पत्नी यांचे जन्मस्थान व राष्ट्रीयत्व त्यात विचारलेले असते; राष्ट्रीयत्व जन्माने कोणते आणि अधिवासाने कोणते, हेही त्यात येते. या विद्यार्थ्याच्या पत्नीचा जन्म नेपाळातला होता. ती लहान असतानाच तिचे वडील कामासाठी पिरंगुट परिसरात आले. ती मराठी शाळेत शिकली आणि तिचे मराठी आपल्या कोणाहीपेक्षा वेगळे नव्हते. जन्मस्थानाच्या रकान्यात तालुक्याचेच नाव घालावे, उगाच विषाची परीक्षा कशाला, असे घरच्या वडीलधाऱ्यांचे मत पडले होते. काय लिहू, असे तो मला विचारत होता.

जे आहे तेच लिहा, असे मी त्याला सांगितले. परंतु त्या दिवशी घरी परतताना माझ्या मनात एका वेगळ्याच स्त्रीचे चरित्र घोळत राहिले. तिचा जन्म स्वित्झर्लंडमधला, वडील हंगेरियन, आई रशियन आणि सासर खानोलकरांचे. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च लष्करी शौर्यपदकाची, परमवीर चक्राची आकृती तिने रेखाटली. चरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना आपण सहसा आरंभी चरित्रनायकाचे मोठेपण मांडतो आणि मग जन्माकडे वळतो. येथे मी जन्मापासूनच निघणार आहे, कारण या चरित्रातला प्रश्न जन्माचाच आहे.

नूशातेल, जिनिव्हा आणि शामोनी

सावित्रीबाईंचे माहेरचे नाव ईव्ह इव्होन मादाय. २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील नूशातेल या गावी त्यांचा जन्म झाला. वडील आन्द्रे द मादाय हे समाजशास्त्राचे प्राध्यापक. जिनिव्हा विद्यापीठात ते शिकवीत आणि पुढे राष्ट्रसंघाच्या ग्रंथालयाशीही त्यांचा संबंध आला. आई मार्त हेंट्सेल्ट या जिनिव्हातील रूसो संस्थेत अध्यापन करीत. बालशिक्षणाच्या इतिहासात या संस्थेचे नाव मोठे आहे. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाचे ठाणे जिनिव्हात आले आणि ते शहर निरनिराळ्या देशांच्या माणसांनी भरून गेले. ईव्हचे बालपण या शहरात गेले. ग्रंथ, निसर्ग आणि दूरच्या देशांविषयीचे कुतूहल ही त्या बालपणाची मिळकत.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले मूल केवळ तेवढ्या कारणाने स्विस ठरत नाही. तेथील कायदा भूमीपेक्षा रक्ताच्या नात्याला महत्त्व देतो. म्हणजे नूशातेलला जन्मलेली आणि जिनिव्हात वाढलेली ही मुलगी कायद्याच्या दृष्टीने वडिलांच्या देशाची, हंगेरीची. तिला सर्वसाधारणपणे स्विस म्हटले जाते ते जन्मस्थानावरून आणि वाढीवरून. आपल्या विद्यार्थ्याच्या अर्जात जन्माचे राष्ट्रीयत्व व अधिवासाचे राष्ट्रीयत्व असा भेद का केलेला होता, ते या एका उदाहरणावरून समजावे.

१९२९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, शामोनी या आल्प्समधील हिवाळी क्रीडास्थळी तिची भेट विक्रम रामजी खानोलकर या भारतीय तरुणाशी झाली. ते इंग्लंडमध्ये सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात शिकत होते आणि सुटीत तेथे आले होते. खानोलकर हे आडनाव वेंगुर्ले तालुक्यातील खानोली या गावावरून आलेले; कोकणी मातीतला मुलगा बर्फावर घसरायला शिकतो आहे हे चित्र मला नेहमीच गमतीचे वाटते. मुलीने इतक्या दूरच्या देशी जाऊ नये असे वडिलांना वाटत होते आणि त्यांनी संमती दिली नाही. काही वर्षांनी ती आपणहून भारतात आली. १९३२ मध्ये लखनौ येथे दोघांचा विवाह झाला आणि ईव्हची सावित्री झाली.

दोन प्रकारचे परकेपण

भाषेची अभ्यासक म्हणून येथे मला थोडे थांबावेसे वाटते. मराठीत ‘माहेर’ हा शब्द ‘मातृगृह’ या संस्कृत शब्दापासून आणि ‘सासर’ हा ‘श्वशुरगृह’ या शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आला, असे सामान्यतः मानले जाते. आईच्या घरातून सासऱ्याच्या घरात जाणे हा आपल्याकडे स्त्रीच्या आयुष्यातील स्थलांतराचा मूळ नमुना आहे. लेकीला परक्याचे धन म्हणतात आणि सुनेलाही परक्या घरून आलेली म्हणतात. म्हणजे दोन्ही घरांत तिच्या वाट्याला परकेपण येते. लग्नात नाव बदलण्याची चाल होती, काही घरांत अजूनही आहे. गोत्र बदलते, कुळ बदलते, कुलदैवत बदलते. लखनौला ईव्हची सावित्री झाली तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातल्या मुलीच्या बाबतीत जे घडते तेच तिच्या बाबतीत घडले. तिचे माहेर तेवढे सात समुद्रांपलीकडे होते.

विशेष असे की त्या काळचा इंग्रजी कायदाही याच तर्काने चालत होता. १९१४ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्वविषयक कायद्यानुसार ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ही ब्रिटिश प्रजाजन मानली जाई आणि परकीयाची पत्नी परकीय मानली जाई. पतीचे राष्ट्रीयत्व तेच पत्नीचे. या नियमाची दुसरी बाजू कठोर होती. एखाद्या मराठी मुलीने जर्मन माणसाशी विवाह केला असता तर तीच कायद्याने परकी ठरली असती, मग ती सदाशिव पेठेत जन्मलेली का असेना. स्त्रीने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले किंवा सोडले असे येथे म्हणता येत नाही, कारण तिला कोणी विचारलेलेच नसे. आपल्या कन्यादानाच्या कल्पनेत आणि लंडनच्या कायदेपंडितांच्या कल्पनेत या बाबतीत फारसे अंतर नव्हते, हे मान्य करायला आपल्याला थोडे जड जाते.

विक्रम खानोलकरांच्या बाजूनेही हे लग्न सोपे नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर सँडहर्स्टचे दार भारतीय तरुणांना किलकिले झाले. दरवर्षी जागा मोजक्याच असत. १९२३ मध्ये सरकारने लष्कराच्या भारतीयीकरणासाठी आठ तुकड्या ठरवून दिल्या, त्या अशासाठी की गोऱ्या अधिकाऱ्यांवर भारतीय अधिकाऱ्याचा हुकूम ऐकण्याची वेळ शक्यतो येऊ नये. लग्नासाठी कमांडिंग ऑफिसरची संमती घेण्याचा रिवाज होता. ज्या छावण्यांच्या क्लबांत भारतीयांना प्रवेश नसे, तेथे भारतीय अधिकाऱ्याची युरोपीय पत्नी ही कोणत्याच रकान्यात न बसणारी व्यक्ती होती. मेममंडळींना ती आपली वाटणार नाही आणि देशी मंडळी तिला मेमच समजणार.

युद्धाची वर्षे

परदेशी नात्याचा प्रश्न शांततेच्या काळात कुजबुजीचा असतो. युद्ध सुरू झाले की तो पोलिसांचा होतो. १९३९ मध्ये भारतातील परकीयांच्या नोंदणीसाठी कायदा झाला. युद्ध जाहीर होताच जर्मन नागरिकांना ताब्यात घेण्यास आरंभ झाला. आपल्या पुणे जिल्ह्यातील पुरंदर किल्ल्यावर अशा स्थानबद्ध कुटुंबांची छावणी होती, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. मुरारबाजी देशपांडे जेथे लढले त्या गडावर जर्मन धर्मोपदेशक आणि त्यांची बायकामुले नजरकैदेत राहत होती. सातारा, देहराडून येथेही अशा छावण्या होत्या. त्यांत हिटलरच्या छळातून निसटून आलेले ज्यूही सापडले होते. ज्या राजवटीने त्यांना देशोधडीला लावले तिचेच प्रजाजन म्हणून त्यांना येथे अडकवले गेले. कागदावरचे राष्ट्रीयत्व आणि माणसाची निष्ठा यांची गल्लत झाली म्हणजे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटनने हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले. हंगेरियन पित्याची कन्या असलेल्या सावित्रीबाई अविवाहित स्थितीत भारतात असत्या, तर त्यांच्या नावासमोर शत्रुराष्ट्र अशी नोंद होण्याची शक्यता होती. परंतु त्या एका भारतीय लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी होत्या आणि पतीचे राष्ट्रीयत्व ते पत्नीचे या नियमाचे छत्र त्यांच्यावर होते. ज्या नियमाने असंख्य स्त्रियांवर अन्याय केला त्याच नियमाचा एखादीला आसरा मिळतो, असा हा प्रकार आहे. चरित्र लिहिताना अशा जागा आवर्जून पाहाव्यात. नायिकेच्या निश्चयाची आपण मुक्तकंठाने स्तुती करतो, पण तिच्या पायाखालची फळी कायद्याने धरून ठेवली होती की नाही हे तपासत नाही.

या सर्व वर्षांत सावित्रीबाई काय करीत होत्या? शिकत होत्या. मराठी, हिंदी आणि संस्कृत या भाषा त्यांनी आत्मसात केल्या. संगीत, नृत्य आणि चित्रकला यांचे शिक्षण घेतले. वेदान्त, पुराणे आणि महाकाव्ये वाचली. त्या शाकाहारी झाल्या. त्यांना कोणी परदेशी म्हटलेले खपत नसे आणि आपण चुकून युरोपात जन्माला आलो असे त्यांना वाटे, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सगळेच सांगतात.

या शेवटच्या वाक्यापाशी मला तुम्हांला सावध करायचे आहे. सावित्रीबाईंविषयीच्या बहुतेक लेखनात त्यांची साडी, त्यांचा शाकाहार आणि त्यांचे अस्खलित मराठी यांचे कौतुक येते. विक्रम खानोलकर काय खात होते हे कोणीच नोंदवत नाही. येथल्या माणसाची निष्ठा गृहीत असते, तिला पुरावा लागत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र ती ताटातून, वस्त्रांतून, उच्चारांतून रोज सिद्ध करावी लागते, आणि सिद्ध केल्यावर जे कौतुक होते त्यातही मूळ शंकेचा वास उरतो. सावित्रीबाईंना भारतीय संस्कृतीविषयी वाटणारी ओढ खरी होती याविषयी मला शंका नाही. तिचा पुरावा पुढे त्यांच्या कामातच मिळतो. पण ती ओढ नसती, त्या जिनिव्हाच्या पद्धतीने जेवत राहिल्या असत्या, तर त्या अविश्वासार्ह ठरल्या असत्या का, हा प्रश्न चरित्रकाराने स्वतःला विचारावा.

चार वज्रे

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि दोनतीन महिन्यांतच काश्मीरचे युद्ध उभे राहिले. जवान पराक्रम करीत होते, पण त्यांना द्यायचे पदक नव्हते. व्हिक्टोरिया क्रॉस हा राणीच्या नावाचा सन्मान स्वतंत्र देशाने चालू ठेवणे शक्य नव्हते. नवी शौर्यपदके तयार करण्याचे काम लष्कराचे ॲडजुटंट जनरल मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आले. भारतीय परंपरेतून एखादे प्रतीक शोधावे असे त्यांच्या मनात होते. त्यांनी हे काम सावित्रीबाईंकडे सोपवले.

सावित्रीबाईंनी निवडले ते वज्र. कथा तुम्हांला माहीत आहे. वृत्रासुराचा वध कोणत्याही शस्त्राने होईना, तेव्हा दधीची ऋषींनी आपला देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींपासून इंद्राचे वज्र घडवण्यात आले. पदक बहुधा मरणोत्तरच दिले जाणार हे उघड होते. देहदानातून घडलेले शस्त्र हे त्यासाठी शोधलेले प्रतीक किती नेमके आहे पाहा. मृत्यूचा उल्लेख न करता ते मृत्यूविषयी बोलते. भारतीय पुराणकथांचे वरवरचे वाचन करणाऱ्याला चक्र, त्रिशूल, गदा आधी सुचली असती.

पदक कांस्य धातूचे आणि वर्तुळाकार, सव्वा इंचाहून थोडे मोठे. मध्यभागी राजमुद्रा आणि तिच्याभोवती चार वज्रे. मागच्या बाजूस हिंदीत व इंग्रजीत परमवीर चक्र ही अक्षरे, त्यांच्यामध्ये कमळाची दोन फुले. फीत साध्या जांभळ्या रंगाची. शिवछत्रपतींच्या भवानी तलवारीचाही या आकृतीत समावेश आहे असे काही लोकप्रिय लेखांत वाचायला मिळते. पदकाच्या अधिकृत वर्णनात चार वज्रे आणि राजमुद्रा एवढेच आहे. तुम्ही टिपण लिहाल तेव्हा अधिकृत वर्णनाला धरून राहा. महावीर चक्र, वीर चक्र आणि अशोक चक्र यांच्या आकृत्यांचे श्रेयही सावित्रीबाईंना दिले जाते.

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्राची स्थापना जाहीर झाली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून अमलात आल्याचे मानले गेले. आता तारखांकडे नीट पाहा. सावित्रीबाई आकृती रेखाटत होत्या त्या काळात भारतीय नागरिक ही कायदेशीर संज्ञाच अस्तित्वात नव्हती. संविधानातील नागरिकत्वाची कलमे २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, म्हणजे उरलेल्या संविधानाच्या दोन महिने आधी लागू झाली. त्यांतील पाचवे कलम सांगते की ज्याचा अधिवास भारतात आहे आणि जो येथे जन्मला, किंवा ज्याच्या मातापित्यांपैकी एक येथे जन्मला, किंवा जो त्यापूर्वी निदान पाच वर्षे येथे सामान्यतः राहत आला आहे, तो भारताचा नागरिक होय. सावित्रीबाई पहिल्या दोन अटींत बसत नव्हत्या. त्यांना लागू पडत होती ती तिसरी. येथे त्यांची पाच नव्हे, सतरा वर्षे झाली होती. आणि या कलमात पतीचा उल्लेख नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सतरा वर्षांपूर्वी लग्नाने त्यांचे राष्ट्रीयत्व बदलले होते. आता त्या स्वतःच्या वास्तव्याच्या बळावर नागरिक ठरत होत्या.

विश्वास कोणाचा, कशाच्या आधारे

येथे कोणी म्हणेल, पदकाचे चित्र काढणे म्हणजे काही गुप्त दस्तऐवज हाताळणे नव्हे. हे म्हणणे रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. सुरक्षेच्या दृष्टीने खरा प्रश्न पदकाचा नव्हताच; तो खानोलकरांच्या जेवणाच्या टेबलाचा होता. विक्रम खानोलकर मेजर जनरल पदापर्यंत पोहोचले. देश युद्धात असताना वरिष्ठ सेनाधिकाऱ्याच्या घरात कोण बसते-उठते, कोणाची पत्रे येतात, पत्नीचे आप्त कोणत्या देशात आणि कोणत्या राजवटीखाली आहेत, हे प्रश्न कोणतेही लष्कर विचारते आणि ते विचारण्यात गैर काही नाही. १९४७ नंतर हंगेरी साम्यवादी राजवटीखाली जात होता आणि रशिया तर होताच. आईवडील या दोन देशांचे, हे आजच्या एखाद्या पडताळणी अधिकाऱ्याला नक्कीच थांबून वाचावे लागेल.

परदेशी आप्तांमुळे माणूस दोषी ठरत नाही. भीती असते ती दबावाची. एखाद्याचा सासरा किंवा भाऊ दुसऱ्या सरकारच्या मुठीत असेल तर त्याच्यामार्फत या माणसाला पेचात धरता येईल, हा तो धोका. म्हणूनच निरनिराळ्या देशांचे नियम सरसकट मनाई करत नाहीत. ते माहिती देणे बंधनकारक करतात. आपल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार भारतीय नागरिक नसलेल्या व्यक्तीशी विवाह केलेल्या कर्मचाऱ्याने ती गोष्ट शासनाला ताबडतोब कळवायची असते. परराष्ट्र सेवेत आणि सशस्त्र दलांत नियम अधिक कडक आहेत. तेथे आधी परवानगी लागते. अमेरिकेत गोपनीय कामासाठी पात्रता ठरवताना ज्या तेरा बाबी तपासतात त्यांत परकीय प्रभाव ही दुसरी आहे. तेथेही देश कोणता, नाते किती जवळचे, संपर्क किती वारंवार आणि उमेदवाराची मुळे आपल्या देशात किती खोल गेली आहेत, हे सर्व एकत्र तोलून निर्णय देतात. खोटी माहिती देणे किंवा लपवणे हा तेथे स्वतंत्र आणि बहुधा अधिक गंभीर दोष मानला जातो. लपवलेले नाते ज्याच्या हाती लागेल त्याला धमकी देण्याचे साधन मिळते, हे उघड आहे.

सावित्रीबाईंच्या बाबतीत असा कोणताही अर्ज मध्ये आला नसावा, असे समजायला जागा आहे. अटलांनी काम सोपवले ते ओळखीवर. लष्करातील भारतीय अधिकाऱ्यांचे वर्तुळ तेव्हा लहान होते; पत्नींची, मुलाबाळांची, स्वभावांची माहिती एकमेकांना होती. खानोलकरांच्या घरातली ही बाई पुराणे मुळातून वाचते हे त्यांना ठाऊक होते. हा विश्वास सार्थ ठरला. परंतु विश्वासाची ही पद्धत मला पूर्णपणे समाधानकारक वाटत नाही, आणि माझे हे मत तुम्हांला पटलेच पाहिजे असे नाही. ज्याला अटल ओळखतात त्याचे ठीक. पिरंगुटच्या तरुणाला ओळखणारा मेजर जनरल कोठे असतो? त्याच्यासाठी तो रूक्ष छापील अर्जच अधिक न्याय्य असू शकतो, अर्ज वाचणारा माणूस न्याय्य असेल तर.

कागद वाचणारा माणूस कागदापलीकडे पाहीनासा झाला तर काय होते, त्याचे उदाहरण त्याच काळात आणि मराठी माणसाच्याच बाबतीत घडले. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतील क्रांतिकारक. पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी मोठे नाव कमावले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्यावर संशोधन केले. त्यांच्या पत्नी जीन या बेल्जियन. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी येऊ पाहत होते तेव्हा त्यांना प्रथम प्रवेशपत्रच नाकारले गेले, कारण ब्रिटिशांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि ती यादी नव्या सरकारने वारशाने घेतली होती. ब्रिटिशांविरुद्ध लढल्याबद्दल स्वतंत्र भारताने त्यांना दारात अडवले. तो निर्णय नंतर फिरवला गेला आणि खानखोजे नागपुरात स्थायिक झाले. वर्ध्यात जन्मलेला माणूस दाराबाहेर उभा आणि नूशातेलमध्ये जन्मलेली स्त्री देशाचे सर्वोच्च पदक रेखाटते आहे, ही दोन्ही चित्रे एकाच दशकातली आहेत.

उत्तरायुष्य

पहिले परमवीर चक्र कुमाऊँ रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनचे मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर देण्यात आले. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे, श्रीनगरचा विमानतळ वाचवताना ते धारातीर्थी पडले. सावित्रीबाईंची थोरली मुलगी कुमुदिनी पुढे याच शर्मा कुटुंबात सून म्हणून गेली. सोमनाथ हे तिचे दीर. सोमनाथांचे धाकटे बंधू विश्वनाथ शर्मा १९८८ मध्ये लष्करप्रमुख झाले. जिनिव्हातील एका प्राध्यापकाची नात अशा घरात नांदत होती.

१९५२ मध्ये विक्रम खानोलकरांचे निधन झाले. सावित्रीबाईंचे वय तेव्हा एकोणचाळीस. माहेरी परत जाण्याचा मार्ग मोकळा होता. त्या गेल्या नाहीत. फाळणीचे निर्वासित आणि सैनिकांची कुटुंबे यांच्यासाठी त्यांनी काम केले, नंतर रामकृष्ण मठाच्या परिवारात त्या रमल्या. महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केले आणि ते बराच काळ वाचले गेले. संस्कृत नामांचा एक कोशही त्यांच्या नावावर आहे. भाषेची अभ्यासक म्हणून मला या कोशाचे महत्त्व वाटते: जिचे स्वतःचे नाव एका दिवसात बदलले गेले तिने नावांचे अर्थ गोळा करण्यात वर्षे घालवली. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

माझ्या विद्यार्थ्याने पत्नीचे जन्मस्थान खरेच लिहिले. त्याच्या नेमणुकीचे पत्र इतरांच्या मागाहून बऱ्याच महिन्यांनी आले. त्या दिरंगाईत घरात झालेल्या बोलाचालीविषयी त्याने मला सांगितले होते, ते येथे लिहिणे योग्य नव्हे.

आता स्वाध्याय म्हणून एक काम करा. साक्षांकन पत्राचा नमुना मिळवा किंवा वहीत रकाने आखा. आपण सावित्रीबाईंच्या धाकट्या कन्या मृणालिनी आहोत असे समजून आईविषयीचा भाग भरा: पूर्ण नाव, जन्मस्थान, जन्माने राष्ट्रीयत्व, अधिवासाने राष्ट्रीयत्व, व्यवसाय. प्रत्येक रकान्यात काय लिहाल आणि कोणत्या तारखेच्या आधारावर, ते या पाठातील माहितीवरून ठरवा. व्यवसायाच्या रकान्यासाठी अर्जात सहसा एकच ओळ सोडलेली असते.